मंजूर नमुना

मित्रांनो, मी एक जुना झाकणफिरव्या आहे. हसा, हसा. नाव ऐकून पहिल्यांदा सगळेच हसतात. फक्त ज्याच्या हातात घट्ट झाकणाची बरणी आहे आणि घरात दुसरं कोणी नाही, तो हसत नाही. तो माझ्याकडे अगदी आशेने बघतो.

दिसायला मी काही फार देखणा नाही. वीतभर लाकडी मूठ आणि तिच्या टोकाला सायकलच्या बाद ट्यूबमधून कापलेल्या रबराचा फास, एवढंच माझं रूप. फास झाकणावर टाकायचा आणि मूठ ओढायची. रबर आपोआप आवळतं आणि झाकण कुरकुरत का होईना, फिरतं. मूठ नीट धरता आली म्हणजे झालं, बोटांनी फार जोर लावावा लागत नाही.

माझा जन्म घरामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे लेथवाले काका खुर्च्यांचे पाय कातायचे. सगळ्या गावाच्या खुर्च्या त्यांच्याच पायांवर उभ्या होत्या. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, संधिवात होता. सकाळी त्यांची बोटं अशी आखडलेली असायची, की चहाचा कप दोन्ही तळव्यांमध्ये धरून प्यायच्या.

एकदा काका माल पोचवायला दिवसभर बाहेर गेले होते. इकडे काकूंचे हात ठणकायला लागले. गोळ्यांची बाटली होती, पण तिचं झाकण दाबून मग फिरवायचं होतं. लहान मुलांनी उघडू नये म्हणून तशी सोय केलेली. त्या घरात लहान मूल नव्हतंच. संध्याकाळी काका आले, तेव्हा काकू बाटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अगं, शेजारी द्यायची नाही का उघडायला?"

"नको बाई! मागे शेजारच्या बाईंनी मिठाची बरणी उघडून दिली, ते अजून जिन्यात भेटेल त्याला सांगत असतात. आणि मला सांगा, गोळ्या दुखऱ्या हातांसाठी, आणि त्या काढायला हात लागतात धडधाकट! कुठल्या शहाण्याने बनवली हो ही बाटली?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओल्या मातीचा गोळा आणून काकूंसमोर धरला.

"दाब."

"कशाला?"

"दाब म्हटलं की दाबायचं."

"इतकी वर्षं संसार करून हे बाकी होतं. आता माती कालवायला लावा मला," असं म्हणत काकूंनी गोळा मुठीत दाबला. त्यांची वाकडी झालेली तर्जनी, आत वळलेली करंगळी, सगळ्यांचा ठसा मातीवर उमटला. त्या ठशाबरहुकूम काकांनी मला कानसीने घासून घासून घडवलं. म्हणून माझ्या अंगावर असे वेडेवाकडे खळगे आहेत. दुसऱ्या कोणी मला धरलं तर तो म्हणतो, "हे काय टोचतंय?" काकूंनी धरलं की आम्हा दोघांमधून वारासुद्धा जात नसे.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. मी ओट्याशेजारच्या खिळ्यावर लटकत असे. "चल रे बाबा," म्हणत काकू मला उतरवायच्या. मी कॉफीच्या बरण्या उघडल्या, मधाच्या बाटल्या उघडल्या, आणि ती गोळ्यांची बाटली तर, काकूंनी मांडीत धरून वरून तळवा दाबायचा आणि मी फिरवायचं, अशी इतक्या वेळा उघडली, की शेवटी ती मला बघूनच सैल पडायची. एकदा शेजारच्या बाई स्वतःची बरणी घेऊन आल्या. काकूंनी ती पटकन फिरवून दिली आणि नंतर कितीतरी दिवस जिन्यात भेटेल त्याला ही बातमी सांगितली.

पण कौतुकाची एक गंमत असते. ते फार झालं, की वस्तूला घरात राहू देत नाहीत.

काकूंची मुलगी एका मोठ्या दुकानात काउंटरवर होती. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, दुकानात रोज कोणी ना कोणी हात दाखवून विचारतं, झाकणं उघडायचं काही मिळतं का? हा विकायला काढा ना."

"मी खुर्च्यांना पाय देणारा माणूस. मला दुकानदारी कुठली जमायला?"

"काढा हो," काकू म्हणाल्या. "किती जणी बाटली मांडीवर घेऊन बसल्या असतील."

झालं. माझी तयारी सुरू झाली.

मुलीच्या दुकानाच्या पुष्कळ शाखा होत्या. त्या सगळ्यांसाठी माल निवडायचं काम एका बाई करायच्या. आपण त्यांना खरेदीवाल्या बाई म्हणू. काका मला रुमालात गुंडाळून त्यांच्या कचेरीत घेऊन गेले. बैठकीच्या खोलीत लांब टेबल, भोवती माणसं, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर "लवकर आटपा" असं लिहिलेलं.

"दाखवा," बाई म्हणाल्या.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळी तयारी केली होती, पण बरणी आणायची राहून गेली होती! खोलीत झाकण असलेली एकही वस्तू नव्हती. पाण्याचे ग्लाससुद्धा उघडे. शेवटी एकजण म्हणाला, "त्या दाराच्या गोल मुठीवर दाखवा की."

काकांनी फास मुठीवर टाकला आणि ओढलं. मी आयुष्यात कधी हयगय केलेली नाही. दाराची मूठ गर्रकन फिरली, सुटली आणि टेबलाखाली गडगडत गेली.

आधी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एकाला फोन आला म्हणून तो बाहेर जायला उठला, तेव्हा लक्षात आलं, की आता दार उघडत नाही.

बाहेरून शिपाई ढकलत होता, आतून साहेब ओढत होते. कोणीतरी मलाच पुढे करून म्हणालं, "यानेच उघडा ना!" पण झाकण नसलेल्या बाटलीसमोर मी तरी काय करणार? कुलूपवाला गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. तो येईपर्यंत करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून सगळ्यांनी माझ्यावर चर्चा केली. एरवी त्या खोलीत एका वस्तूच्या वाट्याला चहा निवेपर्यंतचा वेळ येतो. मला अख्खी दुपार मिळाली. कुलूपवाला आला तोवर मी मंजूर झालो होतो.

मंजुरीच्या अटी मात्र पुष्कळ होत्या. लाकूड चालणार नाही, प्लॅस्टिक हवं. आकड्याला टांगायला मुठीत भोक हवं. चोरी होऊ नये म्हणून कडक प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात हवा. "झाकणफिरव्या" हे नाव तर अजिबात नको. त्यांनी माझं नाव ठेवलं "सुलभहस्त". मुलीने घरी सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "अगंबाई! औषध आहे का आसन?"

मूठ कोणाच्या मापाची करायची, यावरही खल झाला. बाई म्हणाल्या, "एकाच माणसाच्या हाताला बसून कसं चालेल? सगळ्यांच्या हाताला बसलं पाहिजे." मग कचेरीतल्या सगळ्यांनी ओळीने मातीचे गोळे दाबले आणि त्यांची सरासरी काढली. त्या रांगेत दुखऱ्या हाताचं कोणीच नव्हतं. आणि सरासरी हात जगात कोणालाच नसतो, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. आमच्या काकांच्याही नाही. ते तर हरखून गेले होते.

आणि मग ती शेवटची अट आली. बाई म्हणाल्या, "काका, तुमच्याकडचा सगळ्यात चांगला नग आम्हाला द्या. तो आमचा मंजूर नमुना. सही-शिक्का करून पिशवीत बंद राहील. पुढे माल आला, की रबराचा पट्टा तसाच आवळतोय का, हे त्याच्याशी ताडून बघायचं."

मित्रांनो, दुसरा कोणीही असता तर त्याने एक नवीन नग बनवून दिला असता. काकांनी नवीन बनवलाही. दोन्ही ओट्यावर शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत उभे राहिले.

"हा नवा द्यायला मन घेत नाही," ते म्हणाले. "याने अजून एक झाकण उघडलेलं नाही. त्यांनी सगळ्यात चांगला मागितलाय. सगळ्यात चांगला म्हणजे तुझाच. दुसरा देणं म्हणजे फसवणूक गं."

"नमुना त्यांना कशाला हवा? तुम्ही स्वतःच जाऊन बसा त्या पिशवीत," काकू म्हणाल्या. मग मला ओट्यावरून उचलून रुमालात गुंडाळत हळूच म्हणाल्या, "न्या. माझं काय, या नव्याने भागेल तोवर. पण परत आणाल ना?"

"माल दुकानात लागला की लगेच आणतो."

असं काही ठरलेलं नव्हतं. काकांना तसं वाटलं, एवढंच.

मला जाड पारदर्शक पिशवीत घातलं. पिशवीच्या तोंडाला तार बांधली, तारेला शिशाचं सील ठोकलं, चिठ्ठीवर काकांची सही, बाईंची सही. सही करून झाल्यावर काकांनी विचारलं, "मग हा परत कधी मिळेल?"

"माल विकायचा बंद झाला की," बाई म्हणाल्या. "तोवर सील तोडायचं नाही."

काकांचा चेहरा मी पिशवीतून पाहिला. हातातलं पेन ठेवायचंसुद्धा त्यांना सुचेना. माल लवकर बंद पडो, असं कोणी आपल्याच मालाबद्दल म्हणतं का?

मी त्याच बैठकीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेलो. तिथे माझ्यासारखेच पिशवीतले पुष्कळ मंजूर नमुने होते. एक छत्री होती, ती उघडायची पण मिटायची नाही, म्हणून तिने एकटीने अख्खा वरचा कप्पा अडवलेला. माझ्या शेजारी एक डबा होता, त्याला झाकणच नव्हतं. तो माझ्याकडे बघून सारखा दात काढायचा. सगळे अगदी नवेकोरे. जुना, हाताचा घाम लागलेला मी एकटाच.

कपाटाच्या दाराला फट होती. तिच्यातून आवाज यायचा. काकूंची खबर मला तेवढ्यावरच मिळत राहिली.

एकदा काका पाकीट बघायला आले होते. काम झालं तरी उठेनात.

"बाई, एक विचारू का? तो नमुना जरा आठवडाभर घरी नेला तर?"

"का हो काका? काही दोष सापडला?"

"दोष नाही. बायकोला लागतो."

बाई वाईट नव्हत्या. "काका, सील तुटलं की मंजुरी रद्द. मग पुन्हा बैठक बोलवावी लागेल." बोलता बोलता त्यांनी दाराच्या नव्या मुठीकडे नजर टाकली. "आणि बनवणारे तुम्हीच ना? एक नवा करून द्या की त्यांना."

"केले की. एक सोडून दोन केले. हातात बसत नाहीत. जुना ठसा कुठेतरी हरवला. म्हणून परवा नवीन मातीचा गोळा दिला तिला दाबायला." काकांनी आपल्याच तळहाताकडे पाहिलं. "मातीवर ठसाच उमटत नाही हो आता."

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"ती म्हणते, तोच हवा. तो माझा हात ओळखतो म्हणते."

मित्रांनो, मी खरंच ओळखत होतो. त्या फटीमागे पिशवीत पडल्या पडल्या मी खूप धडपडलो. पण वस्तूची धडपड कोणाला दिसते?

काही दिवसांनी कारखान्यातून पाकीटबंद माल आला. पाकिटावर एक तरुण बाई हसत हसत बरणी उघडत होती. तिची बोटं इतकी सरळ आणि लांब, की तिला माझी गरजच काय, हे कळायला मार्ग नव्हता. मुलीने हौसेने एक पाकीट आईसाठी घरी नेलं. दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे आली, तेव्हा तिचा आवाज चढलेला होता.

"मॅडम, आईला पाकीटच उघडत नाही!"

"कात्रीने कापायला सांगा."

"कात्री धरता आली असती, तर तिला हे कशाला लागलं असतं? शेवटी शेजारच्या बाईंना बोलवावं लागलं. त्यांनाही जमेना. त्यांनी दातांनी ओढलं, तर त्यांचा एक दात हलायला लागलाय. आता जिन्यात भेटेल त्याला तो दात दाखवतायत!"

बाई हसल्या. मुलगी पण हसली. मग हसता हसता मुलीने डोळे पुसले. पण पाकिटं छापून झाली होती, ट्रक भरून निघाले होते.

पुढे काय झालं ते मी बैठकांच्या गडबडीतून ऐकलं. हा माल नक्की कुठे मांडायचा, ते एकाही दुकानाला कळेना. एका शाखेने नटबोल्टच्या पान्यांशेजारी टांगला. दुसऱ्या शाखेने पट्टा बघून तो कुत्र्यांच्या सामानात लावला. एका गृहस्थाने तिथून नेऊन आपल्या पिल्लाला बांधला. पिल्लू ओढेल तसा पट्टा आवळायला लागला. नशीब, घरच्या मालकीणबाईंनी वेळेवर पाहिलं. पिल्लू वाचलं, आणि त्या गृहस्थांनी दुकानात येऊन जे काही सुनावलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

ज्यांना खरी गरज होती, त्यांनीही नेला. घरी गेल्यावर पाकीट उघडेना, म्हणून तसाच परत आणला. "उघडत नाही" एवढंच सांगितलं. दुकानांनी लिहून घेतलं, झाकण उघडत नाही. सगळ्या शाखांतून हाच निरोप यायला लागला, की वस्तू काम करत नाही. मित्रांनो, ती वस्तू पाकिटाबाहेर आलीच नव्हती!

काकूंची मुलगी आपल्या काउंटरवर स्वतः पाकिटं कापून द्यायची. तिला व्यवस्थापकांनी समज दिली. म्हणाले, "कापलेलं पाकीट म्हणजे वापरलेला माल. असं चालत नाही."

अखेर एक दिवस बाईंनी काकांना बोलावून घेतलं. बिस्किटं मागवली. कसं सांगावं या विचारात पेन उघडलं, मिटलं.

"काका, वाईट वाटून घेऊ नका. आम्ही सुलभहस्त बंद करतोय."

"बंद?" काका ताडकन उठले. "म्हणजे अगदी बंद? सगळ्या दुकानांतून?"

"हो, पण तुम्ही..."

"मग नमुना नेऊ ना मी?"

आपला माल बंद पडला म्हणून इतका आनंद झालेला माणूस त्या कचेरीने कधी पाहिला नसेल. बाईंनी स्वतः कपाट उघडलं, मला बाहेर काढलं आणि पिशवी काकांना न देता स्वतःच सील कापलं. कात्री बोथट होती, त्यांच्या बोटाला लागलं. "राहू द्या, राहू द्या," म्हणत त्यांनी मला काकांच्या हातात ठेवलं. काकांनी बिस्किटाला हात न लावता मला छातीशी धरून बस गाठली.

घरी आलो. ओटा तोच, खिळा तोच. पण मी आल्या आल्या एक गोष्ट पाहिली. त्या घरातलं एकही झाकण लावलेलं नव्हतं. कॉफीच्या बरणीवर झाकण नुसतं ठेवलेलं. मधावर बशी. गोळ्या तर वाटीतच काढून ठेवलेल्या. माझ्याशिवाय दिवस काढायला ते घर शिकलं होतं.

"बघ, कोण आलंय!" काका म्हणाले.

काकू खुर्चीत होत्या. माझ्याकडे बघून इतक्या हसल्या, की मला तो झाकण नसलेला डबा, ती छत्री, सगळं विसरायला झालं. "आला का रे बाबा? फार मोठा झालास. दुकानं बघून आलास."

काकांनी आत जाऊन साखरेची बरणी घेतली आणि तिचं झाकण मुद्दाम फिरवून लावलं. फार नाही. चांगलं बसेल इतकंच. मग बरणी काकूंसमोर ठेवली, फास झाकणावर टाकला आणि माझी मूठ त्यांच्या हातात दिली.

ते खळगे, ज्यांत त्यांची बोटं वळून बसायची, त्यांवर ती बोटं नुसती येऊन टेकली. करंगळी तर पोचलीच नाही. काकूंनी दुसरा हात वरून ठेवला. ओढलं. मी जीव तोडून आवळलो. त्यांनी पुन्हा ओढलं. कपाळावर घाम आला. समोर काका बरणी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते, आणि त्यांचा चेहरा एखाद्या मुलाने बक्षिसाची वाट बघावी तसा झाला होता.

काकूंनी तो चेहरा पाहिला आणि हात खाली घेतले.

"फिरलं," त्या म्हणाल्या.

बरणी काकांच्या हातात होती. त्यांना कळलं नसेल असं होणारच नाही.

"फिरलं, फिरलं," काका म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?" आणि बरणी उचलून त्यांनी फळीवर नेऊन ठेवली.

ते झाकण फिरलेलं नाही. केसभरसुद्धा नाही. मी तिथेच होतो, मला ठाऊक आहे. तेव्हापासून ती बरणी तशीच बंद आहे. काका ती उघडत नाहीत, कारण उघडली तर घट्ट होती हे कबूल करावं लागेल. काकू उघडायला सांगत नाहीत, त्याच कारणाने. दोघं बिनसाखरेचा चहा पितात आणि मुलीला सांगतात, की डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी असं काहीही सांगितलेलं नाही.

आता मी पुन्हा खिळ्यावर असतो. रोज काकू जाता येता मला पाठीवरून हात फिरवावा तसा स्पर्श करून जातात.

मित्रांनो, एखादी वस्तू तुम्ही ज्याच्यासाठी बनवाल, ती पहिल्यांदा त्याच्या हातात राहू द्या. दुकानं कुठे पळून जात नाहीत. हात मात्र थांबत नाहीत.

आणि एक विनंती आहे. कधी कोणाच्या घरी गेलात आणि ओट्याशेजारी माझ्यासारखा कोणी लटकताना दिसला, तर फळीवरची घट्ट बरणी हळूच खाली घ्या. कोणी बघत नसताना तिचं झाकण थोडं सैल करा आणि तशीच परत ठेवा. फार सैल नको, नाहीतर त्यांना कळेल. अगदी थोडं. मग त्या घरातल्या काकूंना म्हणा, मला जरा साखर हवी होती.

पुढचं मी बघतो.